मागची, आतली खुर्ची

प्रश्न : वय ५८. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. शाळा-कॉलेजच्या दिवसांत माहीमला एका गोवेकर सरांकडे सात वर्षं व्हायोलिन शिकले, नोटेशन वाचून. लग्नानंतर व्हायोलिनची पेटी माळ्यावर गेली ती गेल्या दिवाळीच्या साफसफाईत खाली आली. नेरूळला दर रविवारी पंधराएक हौशी मंडळी एकत्र वाजवतात. माझी मैत्रीण तिथे चेलो वाजवते आणि मला बोलावते आहे. मी म्हणते, आधी वर्षभर क्लास लावावा, मग जावं. माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागलं तर? शिवाय चष्मा लावूनही स्टँडवरचं नोटेशन धड दिसत नाही. मुलगा म्हणतो, जुनं टाक, नवीन घे.
– एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : ताई, वर्षभर थांबू नका. मी थांबलो होतो, तेही तीन वर्षं. एक्कावन्नाव्या वर्षी व्हायोलिन पुन्हा हातात घेतलं आणि ‘जरा हात बसू दे’ म्हणत घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये दार लावून स्केल घासत बसलो. घरी चुकलं की थांबायचं, मागे जायचं, दुरुस्त करायचं. ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी तेच केलं. माझी दुरुस्ती होईपर्यंत बाकीचे दोन ओळी पुढे गेले होते आणि कोणीही माझ्यासाठी थांबलं नव्हतं. तेव्हा ती तुमची काळजी मिटली.

आधी पेटीतलं बघू. नवीन व्हायोलिन आत्ता नको. जुन्या तारा बदला, पण एकेक करून. आतली छोटी लाकडी कांडी, साउंडपोस्ट, चिकटवलेली नसते. तारांच्या दाबावरच ती उभी असते, सगळ्या तारा एकदम काढल्या की आडवी पडू शकते. मग कडेकडेने बोटाने टकटक करत फिरा. कुठे फुटक्या मडक्यासारखा आवाज आला, तर तिथला जोड सुटलाय. हे जोड सरसाने लावलेले असतात आणि सरसाला दमट हवा सोसत नाही. ठाण्याचे तीसेक पावसाळे काढल्यावर एखादा सुटला तर नवल नाही. कारागीर तो पुन्हा बसवून देतो. गजाचे (बोचे) केस मात्र बहुधा गेलेच असतील. बंद पेटीत बारीक किडे ते कुरतडतात. माझी पेटी उघडली तेव्हा अर्धे केस शेवयांसारखे खाली पडले होते. केस नवे भरून घ्या, त्यांना घासायची राळही नवी घ्या.

चष्म्याची तक्रार खरी आहे. वाचायचा चष्मा हातातल्या पुस्तकाच्या अंतराचा असतो, साधारण ४० सेंटीमीटरचा. स्टँड त्याहून बराच लांब. प्रोग्रेसिव्ह काचेत मधलं अंतर सापडायला हनुवटी वर-खाली करावी लागते, आणि आपली हनुवटी तर व्हायोलिनवर अडकलेली! व्हायोलिन धरून स्टँडसमोर बसा, कोणाला तरी टेपने डोळ्यापासून कागदापर्यंत मोजायला सांगा आणि तो आकडा घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. माझा ७० आला. त्या अंतराचा साधा, एकाच नंबरचा चष्मा करून घेतला, आता तो पेटीतच राहतो.

आता नेरूळ. तिथे व्हायोलिनवाल्यांचे दोन गट असतात, पहिलं आणि दुसरं. दुसऱ्यातली मागची, आतली (प्रेक्षकांपासून लांबची) खुर्ची मागा. एका स्टँडवर दोघं बसतात आणि पान आतल्याने उलटायचं असतं, म्हणजे तेवढी हक्काची विश्रांती. दुसरं व्हायोलिन म्हणजे दुय्यम, असं मात्र मनात आणू नका. बाखच्या डी मायनरमधल्या दोन व्हायोलिनांच्या कॉन्चेर्तोत (वाद्यवृंदासोबतच्या रचनेत) तोंड दुसरंच उघडतं. पहिलं चार बार (नोटेशनमधल्या उभ्या रेषांमधली चार घरं) गप्प असतं.

तिथे सूर गाळता यायला हवेत. भजनात नव्या टाळकऱ्याला अंतऱ्याचे शब्द आठवले नाहीत तर तो टाळ थांबवतो का? टाळ चालू ठेवतो आणि ध्रुवपदाला येऊन मिळतो. तसंच इथे. प्रत्येक बारचा पहिला सूर वाजवा, बाकीचे आले तर आले. गज शेजारणीच्या गजाबरोबर त्याच दिशेला जाऊ द्या, अगदी तारेला न टेकवता फिरवला तरी चालेल. मनात मोजणं तेवढं सोडायचं नाही.

घरी याचा सराव करायला पाखेलबेलचा कॅनन घ्या. तिन्ही व्हायोलिनं एकच धून वाजवतात, प्रत्येक जण आधीच्यानंतर दोन बारांनी शिरतो. खाली चेलो तेच आठ सूर २८ वेळा वाजवत बसतो (तुमच्या मैत्रिणीला विचारा, तिला तो कितपत आवडतो!). फोनवर लावून सोबत वाजवा. हरवलात की त्या आठांतला पहिला सूर कानाने धरा आणि शिरा. फोन बंद करून मागे जायचं नाही.

क्लास लावाच, पण नेरूळच्या जोडीने. सरांना पहिल्यांदा खांदा आणि मान बघायला सांगा. या वयात बोटांच्या आधी खांदा कुरकुरतो. सलग तासभर वाजवू नका. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस. संध्याकाळी घोडीवर (तारा उचलून धरणाऱ्या लाकडी पट्टीवर) आवाज दाबणारा रबरी म्यूट बसवला की शेजारचेही खूश.

रविवारी निघण्याआधी ट्रान्स-हार्बरला मेगाब्लॉक आहे का ते बघा. गाडीत पेटी मांडीवरच घ्या. आणि नोटेशनवर खुणा करायला पेन्सिली दोन न्या. शेजारणीने आणलेली नसते.