पडदे ओढलेल्या खोलीत रंग मंजूर करून घेऊ नका

नमस्कार. आपल्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेच्या अहवालपानावर मालकांना पांढऱ्या पार्श्वभूमीवर फिकट राखाडी अक्षरे आणि नारिंगी बटणावर पांढरी अक्षरे हवी आहेत. वयस्कर रुग्ण फोन करून आकडे वाचून दाखवायला सांगतात, तरीही ‘पान देखणे दिसते’ या कारणाने बदल नाकारला जातो, असे आपण लिहिले आहे. नेमक्या याच अडचणीत मी काही वर्षांपूर्वी इथेच, नागपुरात, सापडलो होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी नेत्रतज्ज्ञ नाही. डोळे दुखणे, पाणी येणे अशा तक्रारींवर माझे म्हणणे वैद्यकीय सल्ला म्हणून घेऊ नये.

दोन रंगांतील उजेडाचे गुणोत्तर (ते जितके मोठे, तितकी अक्षरे ठळक) मोजणारी साधने आपण वापरतच असाल, त्यामुळे ती कशी वापरावीत हे सांगत नाही. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५:१ आणि मोठ्या मजकुराला ३:१ गुणोत्तर लागते, हेही आपणास ठाऊक असेल. माझी चूक मात्र हे ठाऊक असूनही झाली.

एका कार्यालयासाठी मी निवृत्त कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या अर्जाचे पान रचत होतो. काम हिवाळ्यात, रात्री दिवा मालवून, चांगल्या मॉनिटरवर केले. रकान्यांखालच्या सूचनांसाठी #९९९९९९ (संगणकावरचा रंगाचा संकेतांक) हा राखाडी रंग घेतला. पांढऱ्यावर त्याचे गुणोत्तर जेमतेम २.८५:१ भरते. मोजले असते तर तेव्हाच कळले असते. पण माझ्या पडद्यावर अक्षरे स्वच्छ दिसत होती आणि सूचना ‘दुय्यम’ मजकूर असल्याने ती थोडी मागे राहावी, असे मला वाटले. कार्यालयाच्या बैठकीत खिडक्यांचे पडदे ओढून, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पान दाखवले गेले आणि रंगसंगती एकमताने मंजूर झाली.

पान एप्रिलमध्ये सुरू झाले. अर्ज भरणारी माणसे साठी-सत्तरीची होती आणि त्यांतील बरीच कार्यालयाच्या आवारात, उघड्यावर रांगेत उभी राहून मोबाइलवर अर्ज भरत होती. देयक क्रमांक सुरुवातीच्या शून्यासह लिहावा, ही सूचना त्याच फिकट राखाडी ओळीत होती. ती कोणालाही दिसली नाही. शून्य गाळलेले अर्ज गठ्ठ्यांनी परत गेले. बायपासची देयके घेऊन आलेल्या एका आजोबांना तिसऱ्यांदा परत पाठवलेले मी पाहिले, तेव्हा काचेवर हाताचा आडोसा धरून ते वाचण्याचा प्रयत्न करत होते. ते दृश्य आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

उन्हात नेमके काय होते, हे मी नंतर गणित मांडून पाहिले. गुणोत्तर काढताना दोन्ही रंगांच्या उजेडात ०.०५ मिळवतात. हा आकडा सर्वसाधारण ठिकाणी पडद्यावर पडणाऱ्या परक्या उजेडासाठी धरलेला असतो. एप्रिलच्या दुपारी काचेवरून परतणारा उजेड त्याच्या कितीतरी पट असतो आणि तो अक्षरांत व पार्श्वभूमीत सारखाच मिसळतो. उदाहरणादाखल ०.०५ ऐवजी ०.५ धरून पाहा: पांढऱ्यावर शुद्ध काळ्या अक्षरांचे गुणोत्तर २१ वरून ३ वर येते, #५९५९५९ या गडद राखाडीचे ७ वरून २.५ वर आणि माझ्या #९९९९९९ चे १.८ वर. म्हणून ४.५ ची मर्यादा कशीबशी गाठणारा रंग निवडू नये, असे माझे ठाम मत आहे. पांढऱ्यावर #७७७७७७ चे गुणोत्तर ४.४८ आणि #७६७६७६ चे ४.५४ येते. कागदावर एक नापास व दुसरा पास असला, तरी सीताबर्डीच्या रस्त्यावर दोन्ही सारखेच निरुपयोगी ठरतात. वाचायचा मजकूर ७:१ च्या पुढेच ठेवावा.

चूक लक्षात येताच मी त्या कार्यालयाला गडद रंगाचे पर्यायी पान करून पाठवले. काम अर्ध्या तासाचे होते. उत्तर आले की रंगसंगती बैठकीत मंजूर झालेली असल्याने पुढील बैठकीपर्यंत बदल करता येणार नाही. पुढील बैठक जूनमध्ये झाली. तोपर्यंतचे सर्व परत आलेले अर्ज ‘अर्जदाराची चूक’ या शेऱ्याखाली नोंदले गेले, हे मला आजही सहन होत नाही. शासकीय संकेतस्थळांसाठी जीआयजीडब्ल्यू नावाची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि वाचनीयता हा त्यांतील मुद्दा आहे. मी माझ्या पहिल्याच पत्रात त्यांचा आधार दिला असता आणि मंजुरीच्या कागदावर रंगांच्या नावांशेजारी गुणोत्तराचे आकडे लिहून घेतले असते, तर पुढचा वाद देखणेपणाचा राहिला नसता. आपण हे आताच करावे.

आता आपल्या पानाविषयी. नारिंगी बटणाचा आग्रह मी समजू शकतो. आपल्या शहरात संत्र्याचा रंग कोणाला नको असतो? लाल २५५, हिरवा १०२, निळा ० (प्रत्येकी ० ते २५५ या मापात) असा नारिंगी घेतला, तर त्यावर पांढऱ्या अक्षरांचे गुणोत्तर सुमारे २.९ आणि काळ्या अक्षरांचे ७.१ येते. म्हणजे मालकांचा रंग तसाच ठेवून केवळ अक्षरे काळी केली, तरी काम होते. मालकांशी बोलताना इथूनच सुरुवात करावी.

अहवालातील दशांशचिन्ह ही मला सर्वांत गंभीर बाब वाटते. हिमोग्लोबिनच्या १२.५ मधला टिंब बारीक फॉन्टमध्ये फिकट राखाडी असेल, तर तो पुसल्यासारखा होतो. देवनागरी अनुस्वाराचेही तसेच आहे. त्यामुळे आकड्यांना कधीही हलक्या वजनाचा फॉन्ट देऊ नये. प्रमाणाबाहेरचे आकडे आपण केवळ लाल रंगात दाखवत असाल, तर शेजारी ‘जास्त’ किंवा ‘कमी’ हा शब्दही लिहावा, कारण लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक, विशेषतः पुरुष, पुष्कळ असतात. शिवाय शुद्ध लालाचे पांढऱ्यावरील गुणोत्तर ४ च्या आसपासच राहते. लाल १७९ आणि बाकी दोन्ही शून्य केले, तर ते ७ च्या वर जाते.

काळ्या पार्श्वभूमीचा पर्याय आपण विचारला आहे. अंधारात वाचणाऱ्याला तो सुखाचा वाटू शकतो, पण दृष्टिवैषम्य (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) असलेल्या अनेकांना काळ्यावरची पांढरी अक्षरे फुटल्यासारखी दिसतात आणि उन्हात काळा पडदा आरशासारखा चेहरा दाखवतो. तो वापरकर्त्याच्या निवडीवर सोडावा, मूळ पान पांढरे किंवा किंचित मळकट पांढरे ठेवावे. हे माझे मत आहे, नियम नव्हे.

मालकांना पान दाखवायला जाल, तेव्हा दुपारी बारा-एकच्या सुमारास जा आणि एखादा जुना, साधा मोबाइल बरोबर न्या. जुने व नवे पान त्यांच्या हातात देऊन त्यांना प्रयोगशाळेच्या पायरीवर उभे करा आणि अहवालातील तीन आकडे वाचायला सांगा. ते काय म्हणाले, हे इथे अवश्य कळवा. दोन्ही रंगांचे आकडे लिहिलेत, तर मंजुरीपत्राचा मसुदा मी करून देईन.