संपाताच्या दिवशी काठीची सावली बघ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

वसंत संपाताचं महत्त्व काय, असं तू विचारलंस. सोबत समतोल, नवी सुरुवात, ऊर्जा असे वाचनात आलेले शब्दही लिहून पाठवलेस. त्या शब्दांशी माझं भांडण नाही. पण त्या दिवशी आकाशात काय घडतं ते आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघून घे. अर्थ लावायला त्यानंतर बस, असा माझा आग्रह आहे.

पृथ्वीचा आस साधारण २३.४ अंशांनी कललेला आहे. त्यामुळे सूर्य अर्धं वर्ष खगोलीय विषुववृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीचं विषुववृत्त आकाशात वाढवलं तर दिसेल त्या रेषेच्या, उत्तरेला आणि अर्धं वर्ष दक्षिणेला असतो. मार्चमध्ये, हल्ली बहुतेक वेळा २० तारखेला, तो दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना ही रेषा ओलांडतो. ओलांडण्याचा तो क्षण म्हणजे वसंत संपात, आणि तो सगळ्या पृथ्वीसाठी एकच. उत्तर गोलार्धात तेव्हा वसंत मानतात आणि दक्षिण गोलार्धात त्याच क्षणी शरद. दिवस-रात्र मात्र अगदी समान नसतात. सूर्योदय आपण बिंबाची वरची कड दिसली की धरतो, आणि हवेत प्रकाश वाकत असल्यामुळे ती कड खरं तर क्षितिजाखाली असतानाच दिसते. म्हणून विषुववृत्तावरसुद्धा त्या दिवशी दिवस १२ तासांहून साधारण ७ मिनिटं मोठा भरतो. संपातालाच अंडं उभं राहतं ही गोष्टही सोडून दे. जमलं तर ते कुठल्याही दिवशी उभं राहतं.

समतोलाबद्दल एक सांगतो. सूर्य दक्षिणोत्तर सगळ्यात वेगाने सरकतो तो याच दिवसांत. जून आणि डिसेंबरमध्ये त्याची उगवायची जागा जवळजवळ हलत नाही, दिवसाची लांबीही कित्येक दिवस तेवढीच वाटते. संपाताच्या सुमारास मात्र ६० अंश अक्षांशावर दिवस रोज सुमारे साडेपाच मिनिटांनी वाढतो. ज्याला आपण स्थिर मध्य समजतो, तिथेच बदलाचा वेग सर्वाधिक असतो. मला या दिवसाचं खरं सौंदर्य इथे दिसतं.

आणि सूर्य ही रेषा जिथे ओलांडतो तो संपातबिंदू स्वतःही जागेवर राहत नाही. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात हिपार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाने चित्रा तारा शरद संपातापासून, म्हणजे सप्टेंबरातल्या संपातबिंदूपासून, ६ अंशांवर मोजला. त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधी तिमोखारिस या दुसऱ्या ग्रीक ज्योतिर्विदाने तेच अंतर ८ अंश नोंदवलं होतं. दोन अंशांचा फरक! कुणी दुर्लक्ष केलं असतं, जुना माणूस चुकला असं म्हटलं असतं. हिपार्कसने जुन्या नोंदीवर विश्वास ठेवला, म्हणून संपातचलन, म्हणजे संपातबिंदूचं हे सावकाश सरकणं, हाती लागलं. आज आपल्याला माहीत आहे की संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो आणि पूर्ण फेरीला त्याला जवळजवळ २६,००० वर्षं लागतात. हिपार्कसच्या काळी वसंत संपात मेष राशीत होता, आता मीन राशीच्या तारकांत आहे.

सहाव्या शतकातल्या ज्योतिर्विद वराहमिहिराचं मला फार कौतुक वाटतं ते याच कारणासाठी. पूर्वी दक्षिणायन आश्लेषा नक्षत्राच्या मध्यापासून सुरू होत असे असं शास्त्रात लिहिलंय, पण आता ते कर्केच्या आरंभी होतं, हे त्याने सरळ नोंदवलं. पटत नसेल तर प्रत्यक्ष तपासा, असंही सांगितलं: उगवता-मावळता सूर्य दूरच्या खुणेशी ताडून बघा, नाहीतर मोठं वर्तुळ आखून सावली त्यात कुठे शिरते आणि कुठून बाहेर पडते त्या खुणा करा. ग्रंथातलं वाक्य आणि अंगणातली सावली यांचं जुळेना, तेव्हा त्याने सावलीचं ऐकलं.

तूही तेच कर. सपाट, मोकळी जागा बघ. ती पाणसळीने तपास. एक मीटरची काठी ओळंब्याने अगदी उभी रोव. सकाळपासून दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडूने खूण कर. सूर्याकडे बघायची गरज नाही, बघूही नकोस. इतर महिन्यांत या खुणांची कमान होते. संपाताच्या दिवशी त्या सरळ रेषेत येतात आणि ती रेषा पूर्व-पश्चिम असते. दुपारच्या सुमारास मात्र खुणा दर पाच मिनिटांनी कर, कारण सगळ्यात आखूड सावली घड्याळाच्या बाराला पडेलच असं नाही. त्या सावलीची लांबी नीट मोज. ती ३६.४ सेंटिमीटर भरली तर तू २० अंश अक्षांशावर आहेस. काठीएवढीच भरली तर ४५ अंशांवर. विषुववृत्तावर ती उरतच नाही. आपले ज्योतिर्विद १२ अंगुळांच्या शंकूची, म्हणजे उभ्या खुंटीची, संपाताची माध्यान्ह सावली मोजत, तिला पलभा म्हणत, आणि त्या एका आकड्यावरून त्या गावचं गणित मांडत.

त्या दिवशी ढग आले तर निराश होऊ नकोस. या दिवसांत सूर्य दक्षिणोत्तर रोज ०.४ अंशच सरकतो, त्यामुळे एक-दोन दिवस मागे-पुढे केलंस तरी रेषा जवळजवळ सरळच येईल आणि अक्षांशात अंशभरापेक्षा जास्त चूक पडणार नाही. खुणा पुसायच्या आत सगळी मापं कागदावर उतरव, काठीची नेमकी उंची आणि तारीख लिही, आणि तो कागद मला पाठव. पुढच्या सप्टेंबरात शरद संपाताला त्याच जागी, त्याच काठीने पुन्हा मोजू.

तुझा,
काका