गंज म्हणून पुसलेली पूड

ताई, माझं वय 61. साताऱ्यात वडिलोपार्जित घरात राहतो. गेली चाळीस वर्षं मी सुलोचनाचा भक्त आहे. आपल्या सुलोचनादीदी नव्हेत, मूकपटांतली सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स. हे मला घरातही दर वेळी सांगावं लागतं. तिची पोस्टकार्डं, सिनेमांच्या पुस्तिका, कात्रणं मिळून तीन ट्रंका भरल्यात. दर 10 ऑक्टोबरला, तिच्या पुण्यतिथीला, फोटोला हार घालून निरांजन लावतो. बायको विचारते, 'ती तुमची कोण लागते?' गेल्या वर्षी सूनबाईंनी मोबाइलवर शूटिंग करून सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. तेव्हापासून फोटो माळ्यावर नेलाय. तिथे निवांत असतं. जुनी भांडी आणि आजोबांचा सिनेमाचा एक पत्र्याचा डबा, एवढंच. ते जत्रांतून तंबूत सिनेमा दाखवायचे. डबा कधी उघडला नाही, नाकात झोंबणारा वास येतो. कडेनं तपकिरी गंज गळतो, तो दर दिवाळीला पुसून घेतो. आता धाकटा भाऊ घर विकायचं म्हणतोय, भंगारवाल्याला बोलावणार आहे. माझ्या भक्तीला या घरात जागा नाही. यांना कसं समजावू?
– सुलोचनाभक्त, सातारा

भाऊ,

तुमचं पत्र सात पानी होतं, इथे थोडक्यात दिलंय. त्यातली साडेचार पानं वहिनी, सूनबाई आणि धाकट्या भावावर आहेत. डबा तीन ओळींत आटोपला. मी त्या तीन ओळींपाशीच अडकले आहे.

आधी उठा. माळ्यावरचा फोटो खाली आणा. तिथे यापुढे निरांजन नाही, उदबत्ती नाही, काडीसुद्धा ओढायची नाही. हे करून या आणि मग पुढचं वाचा.

तुमच्या आजोबांच्या काळात, आणि पुढेही 1950 च्या सुमारापर्यंत, थिएटरात आणि तंबूत चालणारी 35 मिलिमीटरची फिल्म बहुतेक नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या एका प्लॅस्टिकची असायची. ती पेटली की पाण्यानं विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. कुजत चाललेली नायट्रेट फिल्म तर कडक उन्हाळ्याच्या नुसत्या उष्णतेनंही पेट घेऊ शकते. साताऱ्याच्या जुन्या घराचा माळा एप्रिल-मेमध्ये किती तापतो ते मी तुम्हाला सांगायला नको. आणि अशा माळ्यावर, त्या डब्याशेजारी, तुम्ही तिच्या नावानं ज्योत लावून बसला होतात. घरात सूनबाई होत्या, वहिनी होत्या. वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

आता तुमच्या त्या गंजाबद्दल. नायट्रेट फिल्म एका दिवसात मरत नाही. आधी चित्र फिकं पडत जातं. मग फिल्म चिकट होते, वेटोळी एकमेकांना धरून बसतात, वर फेस आल्यासारखे फुगे येतात, सगळं मिळून एक गोळा होतो. आणि शेवटी उरते उग्र वासाची तपकिरी पूड. लोखंडाचा गंजही तपकिरीच असतो, तुमच्या डब्याचा निव्वळ गंजही असू शकेल. पण भाऊ, गंज नाकात झोंबत नाही.

मग दर दिवाळीला ओल्या फडक्यानं तुम्ही काय पुसत आलात? ते फडकं मोरीत पिळताना खाली जे पाणी गेलं, त्यात काय होतं? एखाद्या नटीचा हात असेल, कुणाचा तरी चेहरा असेल, 1920 च्या दशकातला एखादा रस्ता असेल. आत सुलोचनाच आहे असं मी म्हणत नाही. कुणीतरी आहे, आणि ते दर वर्षी थोडं थोडं कमी होतंय.

तुम्हाला हे माहीत नव्हतं असं मला म्हणू नका. तुमच्याच पत्रात दीड पान 2003 च्या जानेवारीवर आहे, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म जळाल्या त्यावर. त्या बातमीनं तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. आपल्याकडे 1300 च्या आसपास मूकपट बनले आणि अर्धेमुर्धे तुकडे धरूनही 30 च्या आसपासच उरले, हा आकडा तुम्हीच मला कळवलात. सुलोचना पुण्यात जन्मली, टेलिफोन ऑपरेटर होती, 'वाइल्ड कॅट ऑफ बॉम्बे'त तिनं एकटीनं आठ भूमिका केल्या, बोलपट आल्यावर हिंदुस्तानी शिकून पुन्हा उभी राहिली, आणि तिच्या मूकपटांतलं आज पाहायला जवळजवळ काहीच मिळत नाही, हे सगळं तुम्हाला तोंडपाठ. ज्याला एवढं ठाऊक आहे, त्याला आजोबांच्या डब्यातून गळणारी पूड ओळखू येत नाही?

येते. म्हणूनच तुम्ही तो उघडत नाही. झाकण बंद आहे तोवर आत ती आहे. उघडलं आणि आतून भलतंच काही निघालं, किंवा नुसती पूडच निघाली, तर चाळीस वर्षांची आशा संपली. वास हे तुम्ही स्वतःला दिलेलं कारण आहे.

ही भीती मला चांगली ठाऊक आहे. माझ्या आईच्या आवाजाची एक कॅसेट होती, ओव्या म्हणतानाची. ती गेल्यावर अकरा वर्षं मी ती लावली नाही. रडू येईल म्हणून नव्हे. ऐकली की संपेल, म्हणून. शेवटी लावली तेव्हा टेप आतल्या आत चिकटली होती. पहिल्या ओवीचे तीन शब्द ऐकू आले आणि चर्रर्र झालं. आजही त्या अकरा वर्षांचा मला राग येतो.

म्हणून तुमच्याशी गोड बोलत नाहीये. तुम्ही तिच्या हरवण्यावर प्रेम करायला लागलात. हार, निरांजन, पुण्यतिथी हे सगळं गेलेल्या माणसाचं. डब्यात जे आहे त्याला अजून थोडी धुगधुगी असेल, तर त्याला हार नको आहे.

फाळक्यांचा 1919 चा 'कालिया मर्दन' तुम्ही पाहिला असणारच. सुरुवातीला त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी नुसती कॅमेऱ्यासमोर येते. कृष्ण व्हायच्या आधी ती एकेक भाव करून दाखवते, रुसते, हसते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची पोर, पण तिचा रुसवा अगदी आपल्या घरातला वाटतो. तो चेहरा आज आहे, कारण पी. के. नायर नावाचा माणूस फाळक्यांच्या घरच्यांकडे गेला, तुकडे गोळा केले आणि ते संग्रहालयात जपले. घरच्यांनीही डबे हातातून सोडले, हे विसरू नका. 'बिल्वमंगल'ही 1919 चाच. त्याचा उरलेला भाग थेट फ्रान्समध्ये सापडला आणि 2016 मध्ये आपल्याकडे परत आला. हरवलेल्या गोष्टी अशाच सापडतात, कुणाच्या तरी घरात, तळघरात, माळ्यावर. जत्रेत तंबू लावणाऱ्या माणसाकडे झिजलेली शेवटची प्रत राहून जाणं यात अशक्य काही नाही.

तेव्हा एकच काम करायचं. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. उद्या सकाळी तिथे फोन लावायचा. आजोबा काय करायचे, डबा केवढा आहे, वास कसा आहे, पूड कशी आहे, आणि डबा कुठे ठेवलाय, एवढं सांगायचं. ते सांगतील तसंच पुढे करायचं. झाकण स्वतः उचकटायचं नाही. पिशवीत घालून एसटीनं पुण्याला आणायचा तर विचारही करू नका, भर उन्हात गाडीच्या डिकीतही नाही. त्यांचा निरोप येईपर्यंत माळ्याची खिडकी उघडी ठेवा आणि नातवंडांना वर जाऊ देऊ नका.

धाकट्या भावाला मात्र आज रात्रीच सांगा की घर विकायचं ते विक, पण भंगारवाला या डब्याला हात लावणार नाही. फिल्ममधल्या चांदीपायी आपल्याकडचे कितीतरी सिनेमे असेच वितळले. त्यात आजोबांच्या डब्याची भर नको.

वहिनींना कसं समजवायचं, हे तुम्ही विचारलं होतंत. ते आत्ता बाजूला ठेवा. सूनबाईंचंही. फोटो खाली बैठकीत लावा आणि त्यांना हसायचं तर हसू द्या. तीन ट्रंकांचं काय करायचं ते सावकाश बघू, कागद थोडे दिवस थांबतात.

आणि हो, पत्रात आजोबांचं नाव कुठेच नाही. तिच्या जन्मसालापासून सगळं लिहिलंत, पण ज्यांनी गावोगावच्या जत्रांत रिळं फिरवली त्यांचं नाव राहिलं. संग्रहालयाला फोन कराल तेव्हा ते आधी सांगा. डब्याबरोबर ते नाव नोंदवलं गेलं पाहिजे.

फोन झाला की मला एक ओळ लिहा. आत काय निघालं ते लिहिलं नाहीत तरी चालेल. फोन केला, एवढंच लिहा.