सल्फिटेशन टँकचा पीएच मीटर दोन दिवसांत भरकटतो

तुमचा प्रश्न: कोल्हापूरजवळच्या साखर कारखान्यात सल्फिटेशन टँकवरचा (इथे उसाच्या रसात चुना आणि गंधकाचा वायू सोडतात) पीएच मीटर कॅलिब्रेशननंतर दोनच दिवसांत चुकतो, प्रोब (रसात बुडणारी काचेची कांडी) बदलावा का?

आधी प्रोब काढून धुवा आणि ट्रान्समीटरवर (प्रोबचा आकडा दाखवणाऱ्या डब्यावर) पीएच नको, मिलिव्होल्ट बघा. 7 च्या बफरमध्ये (ठरावीक पीएचच्या द्रावणात) शून्याच्या आसपास (±30) आणि 4 च्या बफरमध्ये त्याहून साधारण 177 जास्त, हे 25 अंशांना. फरक 150 च्या खाली असेल तर प्रोब संपलाय. फरक ठीक, पण आकडा स्थिरावायला मिनिटाहून जास्त लागतो? मग काचेवर कॅल्शियम सल्फाइटचा थर बसलाय. बहुतेक वेळा हेच असतं.

५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात दहा मिनिटं ठेवा. गंधकाचा वायू निघतो, म्हणून उघड्यावर, हातमोजे घालूनच. नंतर धुऊन तासभर ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये. फडक्याने घासू नका आणि आरओच्या पाण्यात तर कधीच ठेवू नका, आतला क्षार निघून जातो. हंगामात ही धुलाई रोज एकदा तरी हवीच.

लॅबशी तुलना करताना नमुन्याचं तापमान बघा. टँकमधला रस सत्तरीच्या पुढे असतो, थंड केलेल्या नमुन्याचा पीएच खराच जास्त येतो. तापमान भरपाई फक्त प्रोबचा उतार (पीएचच्या एका अंकामागे बदलणारे मिलिव्होल्ट) सुधारते, रसाचा बदल नाही.

आकडा उड्या मारत असेल तर कनेक्टरमधली ओल वाळवा. शिवाय चुन्याची निवळी पडते तिथेच प्रोब असेल तर तो हलवून निकासाच्या लाइनवर घ्या.