सोलर कुकर नवा असेल तर

पेटीचा सोलर कुकर घेतलास, छान केलंस. पेटीला काचेचं झाकण, आत अन्नाचे डबे, आणि ऊन काचेवर वळवायला आरसा, एवढंच त्याचं तंत्र. पण पहिलाच प्रयोग मुरबाडच्या तंबूतल्या सहलीत नको. आधी ठाण्यात सोसायटीच्या गच्चीवर चार रविवार हात बसव.

वरणभात सोपा. डाळ-तांदूळ तासभर भिजव, पाणी गॅसपेक्षा कमीच घाल. डबे बंद असतात, वाफ फारशी उडत नाही. डबे बाहेरून काळेच हवेत, चकचकीत स्टीलचे चालत नाहीत. साडेदहाला ठेवलंस तर दीडपर्यंत पान वाढता येतं. मध्ये काचेचं झाकण उघडून बघायचं नाही! आमच्या ह्यांना तो मोह आवरत नाही, आणि दर वेळी पंधरा-वीस मिनिटं तरी वाया जातात.

खरी मेख आरशात आहे. मे महिन्यात दुपारी ऊन थेट डोक्यावर असतं, तेव्हा आरसा मागे रेललेला लागतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, मग तो जवळजवळ उभा कर. उजेडाचा चौकोन काचेवर नीट पडला की झालं. अर्ध्या-पाऊण तासाने पेटी फिरवत राहा. मुलांना आरशात डोकावू देऊ नकोस.

जागा सावलीचा अंदाज घेऊन निवड. आम्ही एकदा आंब्याजवळ मांडला. बाराला सावली पेटीवर आली, आणि जेवण म्हणून भडंग खाल्लं.

पोळ्या आणि फोडणी यात होत नाहीत. पोळ्या घरून ने, फोडणीपुरता छोटा स्टोव्ह ठेव. शेंगदाणे मात्र डब्याला झाकण न लावता भाज, खमंग होतात.

जून ते सप्टेंबर पेटी माळ्यावर.