वीजदर सुनावणी: बोलणाऱ्याचा खर्च कोण देणार?

प्रश्न: विजेचे दर ठरवणाऱ्या राज्य वीज नियामक आयोगापुढे महावितरण वकील आणि सल्लागार घेऊन येते. तो खर्च शेवटी आमच्याच बिलात येतो म्हणतात. मग आमच्या बाजूने बोलणाऱ्याला सरकार किंवा आयोग काही देतो का? (शेतकरी गट, यावल)

बिलात येतो, हे खरे आहे. दराची याचिका (दर ठरवून मागण्याचा अर्ज) तयार करणे, तिचे शुल्क, वकील, सल्लागार हे सगळे कंपनीच्या प्रशासकीय व सर्वसाधारण खर्चात धरले जाते आणि तो खर्च दरातून वसूल होतो. हरकत घेणारा मात्र गाडीभाड्यापासून झेरॉक्सपर्यंत सगळे पदरचे घालतो. म्हणजे एकाच ग्राहकाने दोन्ही बाजूंचे पैसे भरायचे.

कायद्यात काय आहे ते पाहा. वीज कायदा २००३ च्या कलम ६४ प्रमाणे दराच्या अर्जावर लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आदेश काढावा लागतो. कलम ९४(३) खाली ग्राहकांचे हित मांडण्यासाठी आयोग कोणालाही प्राधिकृत करू शकतो. महाराष्ट्रात पुण्याचा प्रयास ऊर्जा गट, मुंबई ग्राहक पंचायत, नागपूरची विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन आणि ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन यांना असे प्राधिकृत केले गेले. या यादीत खान्देशातले एकही नाव नाही. पण ९४(३) मध्ये प्राधिकृत करण्याची तरतूद आहे, मानधनाची नाही. पैशाबद्दल ते कलम गप्प आहे.

इतरत्र सोय आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या पब्लिक युटिलिटीज कोडमध्ये कलम १८०१ ते १८१२ याचसाठी आहेत. हरकतदाराने सुरुवातीलाच 'खर्च मागणार' अशी सूचना द्यायची आणि अंतिम आदेशानंतर ६० दिवसांत तासांच्या हिशेबासह मागणी करायची. आदेशात त्याच्या मांडणीचा ठोस वाटा दिसला आणि खर्च स्वतः पेलणे अवघड होते हे पटले, तर कंपनी पैसे देते व दरातून वसूल करते. कॅनडात ओंटारिओचे ऊर्जा मंडळही अर्जदार कंपनीला असा खर्च द्यायला लावते. आपल्याकडे ओडिशाच्या आयोगाने याचिका ग्राहकांच्या बाजूने तपासायला सल्लागार संस्था नेमली आहे. कर्नाटकच्या आयोगात ग्राहकांची बाजू मांडायला वेगळा कक्ष आहे.

तुम्हाला ही मागणी करायची असेल तर ती दराच्या सुनावणीत करू नका. तिथे 'हा विषय या प्रकरणाच्या कक्षेबाहेरचा' एवढे एक वाक्य लिहिले की ती संपते. विनियम (आयोगाची नियमावली) करताना आयोगाला कलम १८१ प्रमाणे मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो. खरी जागा ती. मागणीही मोघम नको. 'याचिकाकर्त्याच्या मंजूर कायदेशीर व सल्लागार खर्चाच्या अमुक टक्के रक्कम आयोगाने ठरवलेल्या हरकतदारांना, आदेशानंतर, पावत्यांवर' असे वाक्यच लिहून द्या.

प्रश्न: आमच्या परिसरात चटई, डाळ मिल आणि जिनिंग अशा छोट्या उद्योगांचा गट आहे. वर्गणी काढून नाशिकच्या सुनावणीत नीट बाजू मांडायची आहे. किती पैसे लागतील, कशावर? (जळगाव)

वर्गणी माणशी सारखी ठेवू नका, युनिटवर ठेवा. समजा गटाचा वर्षाचा वापर ५० लाख युनिट आहे. दरात युनिटमागे १० पैशांचा फरक पडला तर वर्षाला ५ लाखांचा फरक. वर्गणी युनिटमागे १ पैसा धरली तर ५०,००० रुपये जमतात. ६०,००० युनिटच्या चटईवाल्याला ६०० रुपये पडतात, ६ लाख युनिटच्या जिनिंगला ६,०००. वर्षाची बिले समोर ठेवली की वाद होत नाही.

त्या ५०,००० ची वाटणी नमुन्यादाखल अशी करता येईल: याचिका वाचून आकडेमोड करणाऱ्याला ३०,०००, तिघांच्या प्रवासाला ९,०००, प्रती व छपाईला ४,०००. उरलेले ७,००० राखून ठेवा, ते आदेश आल्यावर तो वाचून घेण्यासाठी. बहुतेक गट ही शेवटची रक्कम धरतच नाहीत आणि आपला मुद्दा मानला की फेटाळला हे त्यांना वर्षभर कळत नाही.

पहिला खर्च वकिलावर करू नका. सूचना-हरकत द्यायला वकील लागत नाही, शुल्कही नाही. लागतो तो एक्सेल उघडून बसणारा माणूस: निवृत्त वीज अभियंता किंवा खर्चाच्या हिशेबात मुरलेला सीए. याचिकेसोबतच्या तक्त्यांची एक्सेल फाइल मागून घ्या, स्कॅन केलेल्या पीडीएफवर बेरजा करता येत नाहीत. त्याला चारच गोष्टी तपासायला सांगा: वितरण हानी (वाटेत गळणारी वीज), वीजखरेदीचा खर्च, वसुलीचे प्रमाण आणि स्थिर आकार (वापर कितीही असो, बिलात लागणारी ठराविक रक्कम). सगळे तपासायला सांगितले तर काहीच धड तपासून होत नाही.

वेळ मात्र पैशापेक्षा कमी पडतो. सुनावणीच्या नोटिशीत हरकतीची मुदत बहुधा तीन आठवड्यांची. फिडरनिहाय (उपकेंद्रातून निघणाऱ्या एकेका वाहिनीचे) हानीचे आकडे माहितीच्या अधिकारात मागायचे तर १० रुपयांचा अर्ज पुरतो, पण उत्तराला ३० दिवस. म्हणून अर्ज याचिकेच्या आधी गेला पाहिजे. २०२५-२६ ते २०२९-३० या बहुवर्षीय कालावधीत (दर एकदम पाच वर्षांसाठी ठरतात) मध्यावधी आढावा येतोच. आकडे आतापासून गोळा करा.

पैसे जमवण्याआधी एक भांडण मिटवून घ्या. गटात उद्योग आणि कृषीपंपवाले दोघे असतील तर क्रॉस सबसिडीवर (एका वर्गाला जादा दर लावून दुसऱ्याला दिलेली सवलत) त्यांची तोंडे विरुद्ध दिशेला. उद्योगाला ती कमी हवी, शेतकऱ्याला टिकायला हवी. तो विषय एकत्र पैशातून मांडूच नका. विनामीटर पंपांचा वापर घ्या. तो अंदाजाने धरतात. अंदाज फुगला की गळती झाकली जाते आणि शेतकऱ्याच्या नावावर न वापरलेली वीज चढते. इथे दोघांचे हित एक आहे.

खाते गटाच्या नावावर, दोन सह्यांचे. सभासदांची वर्गणी हा तुमचा आपसातला मामला, पण नोंदणी नसलेल्या गटाला बाजारपेठेत पावत्या फाडायच्या असतील तर गणेश मंडळे घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१क ची परवानगी घ्या. सौर प्रकल्प विकणाऱ्याने मोठी रक्कम देऊ केली तर घेऊ नये, असे आमचे मत. घेतलीच तर हरकतीत तसे लिहा. समोरचा वकील ते शोधतोच.

प्रश्न: तीन महिने सरासरी बिल येते आहे. सुनावणीत उभे राहून सांगू का? (शहादा)

नको. दर ठरवण्याच्या सुनावणीत वैयक्तिक बिलावर निर्णय होत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार द्या, मग जळगाव परिमंडळाच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मंचाचा आदेश पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल.

प्रश्न: नाशिकला जाणे परवडत नाही. नुसते लिहून पाठवले तर वाचतात का? (शिरपूर)

लेखी हरकत हाच पाया. दराच्या आदेशात सूचना-हरकती, महावितरणचे उत्तर आणि आयोगाचे मत असा वेगळा भाग असतो. कागदावर नसलेला मुद्दा तिथे शोधून सापडत नाही. मराठीत लिहिले तरी चालते. रेल्वेने जळगावहून नाशिकरोड २३० किलोमीटरच्या पुढे, आणि बोलायला मिनिटे मोजकी. म्हणून गावातून दहा जणांनी जाण्यापेक्षा एकाने जावे आणि बाकीच्यांचे पैसे लिखाणावर लावावेत. नोटिशीत ऑनलाइन हजेरीची सोय दिली असेल तर त्या एकानेही जायला नको.

लिहिताना वर प्रकरण क्रमांक, खाली पूर्ण नाव, पत्ता, संस्थेच्या वतीने आहे की स्वतःच्या, आणि 'प्रत्यक्ष म्हणणे मांडायचे आहे' किंवा 'नाही'. हे शेवटचे वाक्य राहिले तर यादीत नाव लागत नाही. एका परिच्छेदात एक मुद्दा. केळीच्या शीतगृहाचेच घ्या: 'आम्हाला महाग पडते' याला उत्तर नाही. 'शेतमालाची प्री-कूलिंग व शीतगृहे कृषी-इतर या वर्गात आहेत. त्या वर्णनात पिकवणी कक्ष हा शब्द घालावा, याचिकेचे पान अमुक, तक्ता अमुक' याला हो किंवा नाही म्हणावेच लागते. शब्द आधीच असेल तर तो मुद्दा काढून टाका. एकाच मजकुराच्या दोनशे झेरॉक्स पाठवू नका. त्यांचा मिळून मुद्दा एकच धरला जातो. हरकत नोंदवायच्या पोर्टलवर शेवटच्या संध्याकाळी बसू नका. महावितरणला दिलेल्या प्रतीची पोच जपून ठेवा.

प्रश्न: आदेश विरोधात गेला तर अपील कितीला पडते? (धुळे)

कलम १११ खाली ४५ दिवसांत दिल्लीच्या विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. शुल्कच १ लाख रुपये, वकील वेगळा. परिस्थिती हलाखीची असेल तर शुल्कमाफीचा अर्ज करता येतो. त्याला उत्पन्नाचे कागद जोडा. आदेशात आकडेमोडीची उघड चूक असेल तर आधी आयोगाकडेच पुनर्विलोकन (आदेशाचा फेरविचार) मागा, ते स्वस्त पडते. मात्र ४५ दिवसांचे घड्याळ डोळ्यांसमोर ठेवूनच.