सासूबाई नाताळला येताहेत आणि मिस्टर घरात चांदणीही नको म्हणतात

प्रश्न : आम्ही दोघंही नगरकडचे मराठी ख्रिस्ती, बरीच वर्षं डॅलसजवळ राहतो. गेल्या वर्षापासून मिस्टर एका छोट्या बायबल अभ्यासगटात जाऊ लागले आहेत. नाताळ, ईस्टर, हॅलोवीन हे सगळे मूळचे मूर्तिपूजकांचे सण, शास्त्रात त्यांना आधार नाही, असं तिथे शिकवतात. यंदा घरात झाड नाही, चांदणी नाही, कॅरोल नाही, असं त्यांनी सांगून टाकलंय. नोव्हेंबरात सासूबाई सहा महिन्यांसाठी येताहेत. करंज्यांचं कातणंसुद्धा बॅगेत भरून झालंय त्यांचं. तेरा वर्षांची मुलगी बाबांशी बोलत नाही. धाकटा शाळेत मित्राला म्हणाला, "तुमचा सण सैतानाचा आहे." कोणाचं बरोबर धरायचं?

उत्तर : ताई, सलाम.

तुमच्या मिस्टरांना कोणी वेड्यात काढू नका, ही माझी पहिली विनंती. त्यांचं म्हणणं कालपरवाचं नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ साली नाताळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट हे सण रद्द केले होते, आणि ते करणारे लोक नास्तिक नव्हते, शास्त्राला धरून चालणारे प्युरिटन होते. अमेरिकेत मॅसेच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ साली कायदा झाला : काम बंद ठेवून, मेजवानी करून किंवा आणखी कुठल्या प्रकारे नाताळ पाळताना जो सापडेल त्याला पाच शिलिंग दंड. तो कायदा १६८१ साली मागे घेतला गेला, तरी तिथे नाताळची अधिकृत सुट्टी व्हायला १८५६ उजाडलं. स्कॉटलंडमध्ये तर ती १९५८ साली मिळाली.

आता ह्यातलं आपल्या घरचं नातं बघा. १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशन कोणाचं होतं? न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांचं, म्हणजे त्याच प्युरिटनांच्या वारसांचं. ज्यांच्या पूर्वजांनी नाताळला दंड लावला, त्यांच्या हातून आपल्या आजेपणज्यांपर्यंत शुभवर्तमान आलं, आणि त्याच नगरच्या मातीत बांबूच्या कामट्या बांधून, पतंगाचा कागद चिकटवून चांदण्या उभ्या राहिल्या, पेटी-ढोलकी घेऊन रात्री घरोघर गाणी म्हणत फिरणाऱ्या टोळ्या निघाल्या. एकाच परंपरेत दोन्ही बसलं. त्यामुळे नाताळ न पाळणारा ख्रिस्ती असू शकतो, आणि पाळणाराही. इथपर्यंत मिस्टरांचं आणि सासूबाईंचं, दोघांचंही मला मान्य आहे.

पण मिस्टरांच्या गटात जो इतिहास सांगितला जातो, तो वाटतो तेवढा पक्का नाही. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत त्याच्या जन्माची तारीख नाही, हे खरं. २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्म असल्याची सगळ्यात जुनी नोंद रोममधल्या ३५४ सालच्या एका पंचांगात सापडते, आणि त्याच पंचांगात त्याच दिवशी रोमन लोकांच्या अजिंक्य सूर्यदेवाचा उत्सवही आहे. म्हणून ख्रिस्ती लोकांनी सूर्याचा सण उचलला, असं पुष्कळ जण सांगतात. दुसरं स्पष्टीकरण असं, की येशूची गर्भधारणा आणि मरण दोन्ही २५ मार्चला झालं असं काही जुने ख्रिस्ती धरत, आणि तिथून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. अभ्यासकांत एकमत नाही. आर्मेनियन मंडळी तर आजही ६ जानेवारीला जन्मोत्सव करते. एवढ्या धूसर धाग्यावर आईच्या आयुष्यभराच्या सणाला मूर्तिपूजा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाचा दहावा अध्याय मिस्टर तुम्हाला नक्की दाखवतील : रानातलं झाड तोडतात, सोन्यारुप्याने सजवतात, हलू नये म्हणून खिळे ठोकतात. ते वाचून झालं की त्यांना पुढचं वचन वाचायला सांगा. काकडीच्या मळ्यातल्या बुजगावण्यासारख्या त्या बोलत नाहीत, चालत नाहीत, त्यांना उचलून न्यावं लागतं, असं तिथे आहे. कारागिराने कोरलेल्या मूर्तीचं ते वर्णन आहे. दिवाणखान्यातल्या झाडापुढे तुमच्या घरात कोणी हात जोडत नाही.

आणि मूळ तपासायचं ठरवलं तर थांबायचं कुठे? मराठी कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि अभंग, ओवी, भजन, कीर्तन सगळं ख्रिस्ताच्या चरणी आणलं. त्यांची गीतं आपण उपासनेत डोळे मिटून गातो. कितीतरी मराठी ख्रिस्ती बायकांच्या गळ्यात क्रूस ओवलेलं मंगळसूत्र असतं. ह्यातलं काहीही बायबलमधून आलेलं नाही, आणि हे टाकून द्या असं मी कोणाला सांगणार नाही. खुद्द प्रभू येशू योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेच्या सणात यरुशलेमेत दिसतो. तो सण मोशेच्या नियमशास्त्रात नाही, नंतरच्या मक्काबी ह्या यहुदी पुढाऱ्यांच्या काळात सुरू झालेला आहे. येशू त्या दिवसांत शलमोनाच्या देवडीत फिरत होता. सणाबद्दल निषेधाचा शब्द त्याने काढला नाही.

तरीही हे सगळं जेवणाच्या टेबलावर मांडून वाद जिंकायला जाऊ नका. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय तुम्ही दोघांनी एकत्र वाचावा, हे माझं खरं सांगणं आहे. रोमच्या मंडळीतही कोणी एक दिवस विशेष मानत होतं, कोणी सगळे दिवस सारखे. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने एका बाजूचा निकाल दिला नाही. ज्याने त्याने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी, असं सांगितलं. आणि दोघांना दोन वेगळ्या गोष्टींपासून जपायला सांगितलं : मोकळीक घेणाऱ्याने दुसऱ्याला तुच्छ मानू नये, आणि न घेणाऱ्याने दुसऱ्याला दोष लावू नये. तुमच्या घरात हे जसंच्या तसं लागू आहे. तुमच्या मुलीला बाबा मागासलेले वाटू लागलेत, तो तुच्छभाव. मिस्टर आईच्या सणाला दोषी ठरवताहेत, ते दोष लावणं. दोन्ही थांबायला हवं.

त्याच अध्यायाच्या शेवटी पौल म्हणतो, जे विश्वासाने केलेलं नाही ते पाप. म्हणून मिस्टरांच्या मनाला बोचत असताना त्यांच्या हातून दिव्यांच्या माळा लावून घेऊ नका. पण त्यांचा विवेक त्यांच्यापुरता आहे. सत्तरीतल्या आईचा विवेक त्यांनी ठरवायचा नाही.

आता प्रत्यक्षात काय करायचं. झाड आणि सांताक्लॉज यंदा तुम्ही सोडा. झाड ही जर्मन चालरीत, इंग्रजांच्या घरोघरी ती १८४० नंतर पसरली, तिच्यावाचून आपला नाताळ अडत नाही. मुलीला वाईट वाटेल, तिला मैत्रिणीकडे झाड सजवायला जाऊ द्या. बदल्यात मिस्टरांनी तीन गोष्टींना हात लावू नये : सासूबाईंची चांदणी, त्यांच्या करंज्या, आणि २५ तारखेची सकाळची उपासना. चांदणी त्यांच्या खोलीच्या खिडकीत लागेल. उपासनेला आईला गाडीतून मिस्टरच नेतील. आत बसायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं. संध्याकाळी लूकचा दुसरा अध्याय सगळ्यांनी मिळून वाचावा. त्यावर त्यांच्या गटाचीही हरकत असू शकत नाही.

हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका. सुनेच्या तोंडून गेलं की ते सुनेचं होतं. मुलाने स्वतः, त्या निघण्याआधी, फोन करून सांगावं : "आई, मी ह्या वर्षी असं असं करणार नाही, पण तुझं तू कर, मी तुला चर्चला नेईन." विमानतळावरून घरी येताना गाडीत हे कळलं तर सहा महिने घरात अबोला राहील.

धाकट्याशी मात्र ह्याच आठवड्यात बोला, आणि बाबांनी बोलावं. "आमच्या घरी हा सण पाळत नाहीत" एवढं म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे. दुसऱ्याच्या सणाला सैतानाचा म्हणायचा नाही. त्या मित्राला त्याने सॉरी म्हणावं. हॅलोवीनबद्दल मी मिस्टरांच्या बाजूची आहे : मनाला पटत नसेल तर जाऊ नये, त्यात मुलाचं काही बिघडत नाही. फक्त शाळेत त्या दिवशी कार्यक्रम असेल तर बाईंना ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच कळवा, म्हणजे वर्गात तो एकटा पडणार नाही.

दिवाळीचं ताट शेजारच्या मराठी घरातून येईल तेव्हाही हाच प्रश्न निघेल. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौलाने सांगितलंय, कोणी जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते विवेकासाठी चौकशी न करता खावं. नैवेद्य आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं तर, सांगणाऱ्याच्या विवेकाखातर, खाऊ नये. फराळ घ्या, आणि नाताळला सासूबाईंच्या करंज्या त्याच ताटातून परत पाठवा.

एक गोष्ट बारकाईने बघा. नाताळ पाळू नका असं सांगणारा गट वेगळा, आणि नाताळ पाळणारा तारला जाणार नाही असं शिकवणारा गट वेगळा. गलतीकरांस पत्रात दिवस, महिने, ऋतू पाळण्यावरून पौल इतका संतापलाय, त्याचं कारण हेच आहे. तारणाला बाहेरची अट जोडली जात होती. बायबलमधल्या लेवीय पुस्तकात सांगितलेले सण सक्तीचे केले तरी तोच दोष लागतो. आईशी, जुन्या मंडळीशी संबंध तोडा, अशी भाषा तिथे सुरू झाली असेल तर चांदणीचा विषय बाजूला ठेवा, तुमच्या जुन्या पाळकांना घरी बोलवा, मिस्टरांसमोर बसवा, आणि तो गट काय शिकवतो ते मला सविस्तर लिहून कळवा.